वर्गातून परत आलेला धडा

भोपाळहून इटारसीकडे जाणारी गाडी औबेदुल्लागंज मागे टाकते, बुधनीचा घाट सावकाश उतरते आणि नर्मदेच्या पुलावर आली की डब्यातली माणसे हात जोडतात, कुणी खिडकीतून नाणे सोडते. पूल संपला की होशंगाबाद, म्हणजे आताचे नर्मदापुरम. भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेचा इतिहास या पुलापलीकडूनच सुरू करावा लागतो. संस्था स्थापन झाली १९८२ मध्ये आणि तिची मुख्य कचेरी भोपाळात आली. पण ज्या कामासाठी ती जन्माला आली, ते काम तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे आहे. २०२२ मध्ये संस्थेला चाळीस आणि त्या कामाच्या सुरुवातीला पन्नास वर्षे पूर्ण झाली. आई आणि लेक यांच्या वाढदिवसांसारखी ही दोन वर्षे एकत्र मोजली तरच हिशेब लागतो.

ते काम म्हणजे होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. सरकारी मिडल शाळांतल्या सहावी ते आठवीच्या मुलांसाठी विज्ञानाचा संपूर्ण अभ्यासक्रम नव्याने रचायचा, आणि तोही त्याच शाळांत, त्याच शिक्षकांकडून शिकवून घ्यायचा, असा त्याचा बेत होता. १९७२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने दोन संस्थांना सोळा शाळांत हा प्रयोग करायची परवानगी दिली. एक होती होशंगाबादजवळच्या रसुलियाची फ्रेंड्स रूरल सेंटर, क्वेकर पंथीयांनी चालवलेली. दुसरी ‘किशोर भारती’, बनखेडीच्या बाजूला, पिपरियाच्या पुढे, जबलपूरच्या वाटेवर. किशोर भारती उभी करणारे अनिल सद्गोपाल हे रेणवीय जीवशास्त्राचे संशोधक. अमेरिकेतल्या कॅलटेकमधून पीएच.डी. घेऊन ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते, आणि ती नोकरी सोडून नर्मदेच्या खोऱ्यात येऊन राहिले.

सरकारी शाळांना हात घालण्याचा हा निर्णय मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. चांगली शाळा काढणे त्या मानाने सोपे असते. माणसे आपण निवडतो, मुलेही बऱ्याच अंशी आपण निवडतो, आणि चार वर्षांत पाहुणे बघायला येऊ लागतात. इथे ती वाट घेतली नाही. बदली होणारे शिक्षक, गळके छप्पर, पेरणीच्या दिवसांत अर्धा वर्ग रिकामा आणि वर्षाच्या शेवटी परीक्षा, हे सगळे जसेच्या तसे पत्करले. अभ्यासक्रमाची खरी कसोटी तिथेच होती, कारण देशातली बहुसंख्य मुले तशाच वर्गांत बसत होती.

मराठी वाचकाला या कथेच्या सुरुवातीला दोन ओळखीची आडनावे भेटतात. एक बी. जी. पित्रे. डून स्कूलमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे पित्रे अखिल भारतीय विज्ञान शिक्षक संघटनेच्या भौतिकशास्त्र गटाचे प्रमुख होते, आणि या गटाने प्रयोगांतून भौतिकशास्त्र शिकवण्याची पद्धत आधीच बसवली होती. होशंगाबादच्या पहिल्या पावलांना आधार मिळाला तो तिचा. दुसरे वि. गो. कुलकर्णी. टाटा संस्थेतले काही शास्त्रज्ञ मुंबई महापालिकेच्या शाळांत विज्ञान शिकवण्याचे प्रयोग करत होते, त्यांतले ते एक. पुढे १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले, कुलकर्णी त्याचे पहिले संचालक झाले, आणि त्या केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला ग्रामीण शाळांसाठी काम उभे केले. म्हणजे सातपुड्याच्या अलीकडे आणि पलीकडे साधारण एकाच काळात एकच प्रश्न विचारला जात होता: खेड्यातल्या मुलाला विज्ञान पाठ करायला न लावता शिकवता येईल का? त्याही मागे जायचे तर १९३७ ची वर्ध्याची शिक्षण परिषद आहे, जिथे गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा, म्हणजे नई तालीमचा, विचार देशापुढे ठेवला. होशंगाबादवाले नई तालीमचे अनुयायी नव्हते, पण हाताने केल्यावाचून डोक्यात शिरत नाही या विश्वासाचे नाते वर्ध्याशी आहेच.

आता धडा कसा तयार होत होता ते जरा सविस्तर सांगतो, कारण संस्थेचे सगळे मर्म तिथे आहे.

नेहमीच्या रीतीने पाठ्यपुस्तक तयार होते ते राजधानीत. समिती बसते, विषय वाटून घेते, तज्ज्ञ लिहितात, छापखान्यात जाते, जूनमध्ये दुकानात येते. पुस्तक वर्गात पोहोचले की समितीचे काम संपते. होशंगाबादेत पुस्तक वर्गात पोहोचले की काम सुरू व्हायचे. धड्याचा कच्चा मसुदा आधी उन्हाळ्यातल्या शिक्षक प्रशिक्षणात यायचा. हे प्रशिक्षण आठवडेच्या आठवडे चाले. तिथे खेड्यातले मास्साब चार-चार जणांच्या टोळ्या करून जमिनीवर बसत आणि तोच प्रयोग करत, जो मुलांनी करायचा आहे. त्यांच्याबरोबर दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक, टाटा संस्थेतले संशोधक, आयआयटीतले लोक बसलेले असत. प्रयोग फसला तर सगळ्यांचाच फसे. सूचनेतले वाक्य कळले नाही, तर प्राध्यापकांना ते तिथल्या तिथे बदलावे लागे. शिक्षकाने शंका काढली आणि भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला उत्तर आले नाही, असे प्रसंग तिथे लाजिरवाणे मानले जात नसत. मग दोघे मिळून पुन्हा प्रयोग मांडत.

शाळा उघडल्या की धडा वर्गात जाई. मग जाणकार शिक्षक आणि कार्यकर्ते शाळाशाळांतून फिरत. त्या फिरण्याला तिथे ‘अनुवर्तन’ म्हणतात. तपासणी अधिकाऱ्यासारखे हजेरीपट बघायला ते जात नसत. वर्गात मुलांच्या टोळीशेजारी बसून धडा कुठे अडतो ते बघत. महिन्यातून एकदा ‘मासिक गोष्ठी’ भरे. आसपासच्या शाळांचे शिक्षक एका केंद्रावर जमत आणि महिन्याचा पाढा वाचत: अमुक प्रयोगाला बाटलीचे तोंड लहान पडते, तमुक प्रश्नाचा अर्थ मुले भलताच लावतात, पावसाळ्यात हा धडा घेतला तर बेडकाची अंडी डबक्यात मिळतात, हिवाळ्यात घेतला तर नाही. हे सगळे टिपून घेतले जाई आणि पुढच्या आवृत्तीत धडा बदले. धडे पुढेमागे झाले, काही गळाले, काहींचा पार कायापालट झाला. ‘बाल वैज्ञानिक’ या नावाने ही पुस्तके मध्य प्रदेश पाठ्यपुस्तक निगमने छापली. तिन्ही इयत्तांची पुस्तके पहिल्यांदा सत्तरीच्या दशकाच्या शेवटी आली, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पुन्हा लिहिली गेली आणि दोन हजार सालाच्या आसपास तिसऱ्यांदा. एक धडा असा कितीदा तरी वर्गात जाऊन परत आलेला असे.

या पुस्तकांत माहितीचे परिच्छेद जवळजवळ नाहीत. सूचना आहेत, प्रश्न आहेत, रिकामे तक्ते आहेत. उत्तरे मुलाने स्वतःच्या वहीत लिहायची. पहिल्यांदा हे पुस्तक चाळणाऱ्या पालकाला ते अर्धवट छापल्यासारखे वाटले तर नवल नाही.

‘घट-बढ’ नावाचा एक धडा आहे. सगळ्या मुलांनी एकच लांबी मोजायची. प्रत्येकाचे उत्तर थोडे वेगळे येते. नेहमीच्या वर्गात अशा वेळी एक आकडा बरोबर ठरतो आणि बाकीच्यांच्या पाठीवर धपाटा बसतो. इथे धडाच त्या फरकाचा आहे. सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडा, कोणता आकडा किती जणांना आला ते बघा, कुठे गर्दी होते ते बघा. मोजमाप म्हटले की घट-बढ असणारच, आणि तिच्यासकट सत्याच्या जवळ कसे जायचे, हे अकरा-बारा वर्षांच्या मुलाला कळते. विज्ञानाची याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. मी शाळेत असताना मोजपट्टीचे उत्तर चुकले म्हणून बाकावर उभा राहिलो आहे. म्हणून असेल, पण हा धडा वाचताना माझा हात आजही पानावर थांबतो.

दुसरा धडा प्राण्यांच्या जीवनचक्राचा. शेणात माशीची अंडी शोधायची, ती भांड्यात ठेवायची आणि रोज बघायचे: अंड्याची अळी, अळीचा कोष, कोषातून माशी. गावातल्या मुलाला शेण, माशी, डबके यांची किळस शिकवलेली नसते. ती त्याच्या ओळखीची दुनिया. ज्या गोष्टींमुळे तो शहरी मुलापेक्षा मागासलेला ठरायचा, त्याच इथे त्याची प्रयोगशाळा झाल्या. आठवीत संभाव्यतेचा धडा होता, त्यात मुले नाणे उडवून छापा-काट्याच्या नोंदी करत आणि नोंदी वाढत गेल्या की चित्र कसे बदलते ते बघत. ‘वस्तू का तरंगतात’ यावर एक मोठा धडा होता. याउलट अणूची रचना मिडल शाळेच्या पुस्तकांत नव्हती. जिचा पुरावा या वयाच्या मुलाच्या हाती देता येत नाही, ती गोष्ट केवळ सांगितली म्हणून मानायला लावायची नाही, अशी ती भूमिका होती. तिच्यावर टीका झाली, पुढेही होत राहिली. टीकेत तथ्य होते, कारण नववीत गेल्यावर मुलापुढे एकदम रेणूसूत्रेच येऊन उभी राहत. पण त्या भूमिकेमागचा प्रामाणिकपणा मला आजही पटतो.

प्रयोग करायचे तर सामान हवे. प्रत्येक शाळेला किट मिळे आणि ते चार मुलांच्या टोळीला पुरेल असे बांधलेले असे. त्यातल्या पुष्कळशा वस्तू साध्या आणि स्वस्त होत्या, कारण महागडे उपकरण मास्साब कपाटात कुलूप लावून ठेवतात हे सगळ्यांना ठाऊक होते. फूल कापून बघायला किंवा चिरफाडीत टाचण्या म्हणून बाभळीचे काटे चालतात, हा शोध याच वर्गांतला. १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोमधून वर्षभराची रजा काढून कानपूर आयआयटीचा एक तरुण अभियंता या कामात आला. आगकाडीच्या टोकांना सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्याने त्रिकोण, चौकोन, घनाकृती बनवायची युक्ती काढली. ते अरविंद गुप्ता. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसून त्यांनी टाकाऊ वस्तूंतून जी शेकडो खेळणी केली आणि जी महाराष्ट्रातल्या मुलांनी मनसोक्त हाताळली, त्यांची पहिली काडी होशंगाबादला जोडली गेली होती. त्यांचे ‘कबाड से जुगाड’ हे पुस्तक एकलव्यनेच काढले.

आणि परीक्षा. अभ्यासक्रम कितीही सुंदर केला आणि परीक्षा जुनीच ठेवली तर शिक्षक परीक्षेकडे बघून शिकवतो. यात शिक्षकाचा दोष नाही, पोरांना पास करायचे असते. म्हणून इथे परीक्षाही बदलली. मुलांना पुस्तक आणि स्वतःची वही घेऊन परीक्षेला बसता येई. प्रश्न असे, की ज्यांचे उत्तर पुस्तकात शोधून सापडणार नाही. लेखीबरोबर प्रयोगाचीही परीक्षा होती. प्रश्नपत्रिका शिक्षकांच्या मदतीने काढल्या जात. सरकारी व्यवस्थेत, आठवीच्या परीक्षेला, उघड्या पुस्तकानिशी मुले बसवणे ही त्या काळी केवढी धाडसाची गोष्ट होती ते ज्यांनी परीक्षाकेंद्रे पाहिली आहेत त्यांनाच कळेल.

१९७८ मध्ये सोळा शाळांचा हा प्रयोग होशंगाबाद जिल्ह्यातल्या सगळ्या, म्हणजे दोनशेहून अधिक मिडल शाळांत लागू झाला. प्रयोगाचे रूपांतर इथे व्यवस्थेत झाले. या विस्तारात भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयाची साथ होती. श्यामला हिल्सवरची एनसीईआरटीची ही संस्था आपल्या ओळखीची आहे, कारण तिच्या पश्चिम विभागात महाराष्ट्र आणि गोवाही येतात आणि तिकडचे शिक्षक आजही प्रशिक्षणाला इथे येतात. पण दोनशे शाळा म्हणजे शेकडो शिक्षक, दरवर्षीचे प्रशिक्षण, किटची भरपाई, हजारो उत्तरपत्रिका. दोन लहान ग्रामीण संस्थांना आणि सुट्टीत येणाऱ्या प्राध्यापकांना हे ओझे पेलणारे नव्हते. पूर्ण वेळ याच कामाला वाहिलेली, विद्यापीठाच्या तोडीचा विचार करणारी आणि तरीही गावात राहणारी संस्था हवी होती.

त्या गरजेतून १९८२ मध्ये एकलव्य उभी राहिली. केंद्र आणि राज्य अशा दोन्ही सरकारांचे पाठबळ तिला मिळाले. उभारणीत पुढे असलेले विनोद रैना दिल्लीतले भौतिकशास्त्राचे अभ्यासक. तिथली वाट सोडून ते इथे आले आणि अखेरपर्यंत या कामाचे राहिले. कचेरी भोपाळात ठेवली, कारण शिक्षण खाते आणि पाठ्यपुस्तक निगम भोपाळात. पण माणसे विखुरली होशंगाबाद, पिपरिया, हरदा, देवास, उज्जैन, धार अशा केंद्रांत. नावे वाचताना आपल्याला हसू येते: देवास-धार पवारांचे, उज्जैन शिंद्यांचे. जिथे घराघरांत अजून मराठी बोलली जाते, त्या माळव्याच्या गावांत विज्ञानाची ही हिंदी पुस्तके पोहोचली. ऐंशीच्या दशकात कार्यक्रम आणखी जिल्ह्यांत गेला. तिथे जिल्हाभर एकदम पसरण्याऐवजी काही शाळांच्या संकुलांत रोपे लावावीत तसा तो लावला.

संस्था दोन वर्षांची होती तेव्हा २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली, भोपाळच्या वायुगळतीची रात्र आली. त्या रात्रीविषयी भोपाळात राहणाऱ्याला वेगळे काही लिहावे लागत नाही. एकलव्यचे कार्यकर्ते मदतकार्यात उतरले. हवेत काय सुटले, शरीरात जाऊन ते काय करते, कारखान्यात काय साठवले होते, हे साध्या भाषेत लोकांना सांगण्याचे काम त्यांनी केले. मुलांना प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या संस्थेला आपल्याच शहराचे सर्वांत कठीण प्रश्न अशा रीतीने विचारावे लागले. विज्ञान कुणाच्या हातात आहे आणि त्याची माहिती कुणाला मिळते, हा मुद्दा त्यानंतर संस्थेसाठी केवळ वादविवादाचा राहिला नाही.

त्या हिवाळ्यानंतरच्या पावसाळ्यात, जुलै १९८५ मध्ये, ‘चकमक’ हे मुलांचे मासिक निघाले. त्यातले ‘मेरा पन्ना’ हे सदर मुलांच्या लिखाणाचे आणि चित्रांचे. खेड्यातल्या मुलाने वहीच्या फाटक्या पानावर पाठवलेली गोष्ट त्यात मानाने छापली गेली. हे मासिक आजही चालू आहे. मुलांच्या मासिकांचे आपल्याकडे काय होते ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. ते लक्षात घेतले तर एवढी वर्षे अंक काढत राहणे किती अवघड ते कळेल.

विज्ञान रुळल्यावर संस्थेने सामाजिक शास्त्राला हात घातला, आणि हे काम विज्ञानाहून नाजूक ठरले. नागरिकशास्त्राचे पुस्तक सांगते की ग्रामपंचायतीची सभा अमुक वेळा भरते. मुलगा घरी बघतो की सभा भरतच नाही, सरपंचबाईंच्या जागी त्यांचे यजमान सही करतात. पुस्तक खरे की डोळे खरे? एकलव्यच्या पुस्तकांनी मुलाच्या डोळ्यांची बाजू घेतली. शेतमजुराचा दिवस, बाजारातला भाव, पंचायतीचे प्रत्यक्ष काम यांच्यावर धडे आले. भूगोलात मैदान, पठार आणि डोंगर यांच्या व्याख्या देण्याऐवजी मैदानातले एक, पठारावरचे एक आणि डोंगरातले एक अशी गावे घेतली. तिथली माती, पाणी, पिके, घरे बघत मुलाने फरक स्वतः ओळखायचा. इतिहासाचे धडे गोष्टीच्या अंगाने लिहिले, पण गोष्ट रचताना पुराव्याची वाट सोडली नाही. ही पुस्तके मोजक्याच सरकारी मिडल शाळांत चालली. संख्येने हा कार्यक्रम लहान होता, पण देशातल्या सामाजिक शास्त्राच्या पुस्तकांवर त्याची छाप आहे.

प्राथमिक शाळांसाठी ‘प्रशिका’, म्हणजे प्राथमिक शिक्षा कार्यक्रम, आला. बैतूल जिल्ह्यातल्या शाहपूर भागात आणि हरद्याकडे तो चालला. त्याच्या पुस्तकांचे नावच ‘खुशी-खुशी’. पहिली-दुसरीत भाषा, गणित, परिसर असे कप्पे न करता सगळे एकत्र विणलेले. शाहपूरकडच्या अनेक मुलांच्या घरी गोंडी किंवा कोरकू बोलतात. त्यांच्यासाठी शाळेची हिंदी ही परकी भाषा, हे मान्य करून मग पुस्तक लिहायचे होते. महाराष्ट्रात मेळघाटाच्या शाळांत शिकवणाऱ्या गुरुजींना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. शाहपूर आणि मेळघाट यांच्यामध्ये सातपुड्याची एकच रांग आहे.

एक पात्र सांगायचे राहिले, ते म्हणजे सवालीराम. ‘बाल वैज्ञानिक’ वापरणाऱ्या मुलांना सांगितलेले असे की तुला जो प्रश्न पडेल तो सवालीरामला लिहून पाठव. मुले पोस्टकार्डे लिहीत. सवालीराम नावाचा कोणी माणूस नव्हता. उत्तरे देणारे देशभरातले शास्त्रज्ञ, प्राध्यापक, कार्यकर्ते होते आणि खाली सही एकच असे. प्रश्नाचे उत्तर माहीत नसेल तर ते शोधून लिहायचे, आणि मुलाला आपण मूर्ख प्रश्न विचारला असे कधी वाटू द्यायचे नाही, हा तिथला दंडक. मला वाटते, एखाद्या अभ्यासक्रमाने विद्यार्थ्याला दिलेली ही सर्वांत मोठी प्रतिष्ठा आहे: त्याच्या नावाने, त्याच्या गावच्या पत्त्यावर आलेले उत्तर.

मग २००२ आले. तोवर कार्यक्रम पंधराएक जिल्ह्यांतल्या आठशेहून अधिक शाळांत आणि सुमारे लाखभर मुलांपर्यंत पोहोचला होता. होशंगाबाद जिल्ह्यातल्या काही लोकप्रतिनिधींनी तो बंद करण्याची मागणी लावून धरली. जिल्हा नियोजन समितीने तसा ठराव केला आणि त्या जुलैमध्ये राज्य सरकारने आदेश काढून कार्यक्रम थांबवला. बाकीच्या राज्यात आहेत तीच पुस्तके इथेही लागू झाली. या शाळांतली मुले पुढच्या वर्गांत मागे पडतात, असा मुख्य आक्षेप होता. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी सरकारला पत्रे लिहिली, पण निर्णय बदलला नाही. सामाजिक शास्त्राचा आणि प्राथमिकचा कार्यक्रमही त्याच सुमारास शाळांतून गेला.

इथे मला तक्रार मांडायची नाही, पण जे घडले ते सांगितलेच पाहिजे. तीस वर्षांत कार्यक्रमात दुबळेपणा आला होताच. किटची भरपाई वेळेवर होत नसे. तयार झालेल्या शिक्षकाची बदली होई आणि त्याच्या जागी आलेल्याने प्रशिक्षण घेतलेले नसे. काही शाळांत प्रयोग न करताच निष्कर्ष फळ्यावर लिहून दिले जात. नववीशी सांधा जुळत नव्हता, तो जुळवायचा तर नववी-दहावीलाही हात लावावा लागला असता, आणि ते दार उघडले नाही. हे सगळे दुरुस्त होण्यासारखे होते, आणि दुरुस्तीची पद्धत, म्हणजे महिन्याची बैठक, वर्गाची भेट, पुनर्लेखन, याच कार्यक्रमाने तर घालून दिली होती. पुस्तकाची तिसरी आवृत्ती नुकतीच हातात येत होती. ती वर्गात गेली, पण परत यायला तिला वेळच मिळाला नाही. हळहळ वाटते ती त्याची.

तीनच वर्षांनी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ आला. त्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्ष होते प्रा. यशपाल, १९७२ मध्ये टाटा संस्थेतून होशंगाबादच्या पहिल्या प्रयत्नाच्या पाठीशी उभे राहिलेले, आणि १९९३ मध्ये मुलांच्या दप्तराच्या ओझ्यावर अहवाल देणारे. शाळेतले ज्ञान बाहेरच्या जगण्याशी जोडा, पाठांतरापासून दूर जा, असे त्या आराखड्याने सांगितले तेव्हा नर्मदाकाठच्या शिक्षकांना ते नवे वाटले नसेल. एनसीईआरटीच्या नव्या पुस्तकांच्या कामात एकलव्यच्या माणसांनी हात लावला. विनोद रैना शिक्षणहक्क कायद्याच्या मसुद्यात गुंतले. २००९ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये रैना गेले.

भोपाळातली संस्था आज होशंगाबाद रस्त्याला, जाटखेडीत, ‘जमनालाल बजाज परिसर’ या नावाच्या आवारात आहे. वर्ध्याचे हे नाव त्या फाटकावर बघून मराठी माणूस क्षणभर थबकतो. आत पुस्तके तयार होतात, ग्रंथालय आहे, शिक्षकांच्या कार्यशाळा होतात. ‘स्रोत’ ही विज्ञानलेखांची सेवा इथूनच हिंदी वृत्तपत्रांना लेख पुरवते. शिक्षकांसाठी निघणाऱ्या ‘संदर्भ’ या द्वैमासिकावरून पुण्याच्या पालकनीती परिवाराने मराठीत ‘शैक्षणिक संदर्भ’ सुरू केले. म्हणजे होशंगाबादच्या शिक्षकांनी सुरू केलेला संवाद आपल्या भाषेतही आला.

‘संदर्भ’च्या अंकात सवालीराम अजून आहे. एखाद्या मुलाचा प्रश्न, त्याचे उत्तर, आणि त्याच पानावर पुढच्या खेपेसाठी वाचकांना विचारलेला नवा प्रश्न.